भाडेकरूंसकट विकलेला वाडा : फोनमध्ये आधीच बसलेल्या अ‍ॅप्सची गोष्ट

आजचा विषय बंगळुरूचा आहे, पण तुम्ही बेळगावात असा, इंदूरला, बडोद्याला किंवा लातूरला असा, तो तुमच्या खिशातही आहे. नवा फोन डब्यातून काढला, सिम घातलं, भाषा निवडली. पडदा उजळला की त्यावर आपण न मागितलेली बरीच मंडळी आधीच बसलेली दिसतात. काही फोन बनवणाऱ्याची स्वतःची असतात, काही गूगलची. आणि काही या दोघांपैकी कुणाचीच नसतात. खरेदीचं एखादं, बातम्यांचं एखादं, पैसे पाठवायचं एखादं, पत्त्यांच्या खेळाचं एखादं. दुकानदार त्यांना ‘इनबिल्ट’ म्हणतो आणि पुढचं गिऱ्हाईक बघतो. ही तिसरी मंडळी तिथे कशी आली, कुणी आणली आणि त्यांना तिथे बसू द्यावं का, हे आज पाहायचं आहे.

पुण्यात जुना वाडा विकत घेणाऱ्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते. वाडा स्वस्तात मिळतो, पण भाडेकरूंसकट. खरेदीखत तुमच्या नावावर होतं आणि मागच्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं राहणारी कुटुंबं तशीच राहतात. त्यांना काढायचं तर कोर्टाची पायरी. आपल्या फोनचं बरंचसं तसंच आहे. फरक इतकाच की वाडा घेणाऱ्याला भाडेकरू आधी दाखवलेले असतात.

हा इतिहास बंगळुरूतून सांगायला एक कारण आहे. ज्या कंपन्यांची नावं या गोष्टीत येतात, त्यांतल्या बऱ्याच इथल्याच. शाओमीचं भारतातलं मुख्य कार्यालय इथे, फ्लिपकार्ट इथलं, फोनपे इथलं, लॉक स्क्रीनवर चित्रं आणि बातम्या दाखवणारं ग्लान्स इथलं. आधार प्राधिकरणाचं तंत्रज्ञान केंद्रही इथेच. आणि या सगळ्यांच्या आधी, स्मार्टफोन हा शब्द आपल्या घरात शिरण्यापूर्वी, याच शहरात एक हातात मावणारा संगणक तयार झाला होता. त्याचं नाव सिम्प्युटर.

सिम्प्युटरची आठवण आता फार थोड्यांना आहे. भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन, व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर या बंगळुरूच्या कंपनीतले अभियंते यांनी मिळून १९९९ मध्ये सिम्प्युटर ट्रस्ट काढला. साधा, स्वस्त, अनेक भाषांत चालणारा लोकांचा संगणक, असा त्या नावामागचा अर्थ. २००१ मध्ये त्याचा नमुना लोकांसमोर आला. आतली प्रणाली लिनक्सवर चालणारी. नवल म्हणजे यंत्राची रचनाही खुली ठेवलेली. परवाना घेऊन कुणीही ते बनवावं, त्यात सुधारणा कराव्यात, आणि काही काळानं त्या सुधारणा ट्रस्टला परत द्याव्यात, अशी अट होती. सॉफ्टवेअरच्या जगातला खुलेपणा यंत्रापर्यंत आणायचा तो प्रयत्न होता, आणि त्या काळात जगातही असं फारसं कुणी करत नव्हतं.

पण मला सिम्प्युटरमधली दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एक यंत्र एका गावात अनेकांनी वापरायचं, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. त्यासाठी त्यात स्मार्ट कार्डाची खाच होती. प्रत्येकानं आपलं कार्ड घालायचं, काम करायचं, कार्ड काढून घरी न्यायचं. तुमचं जे काही असेल ते कार्डावर. यंत्र सगळ्यांचं, मजकूर ज्याचा त्याचा. आज ही मांडणी उलटी झाली आहे. यंत्र आपलं एकट्याचं, आणि त्यातला मजकूर कुणाकुणाचा, हे सांगणं कठीण.

पुढे पिकोपेटा या कंपनीनं भारत इलेक्ट्रॉनिक्सकडून बनवून घेतलेला ‘अमिडा’ सिम्प्युटर मार्च २००४ मध्ये बाजारात आणला. त्यात यंत्र कलतं केलं की ओळखणारा संवेदकही होता; आयफोन यायला अजून तीन वर्षं होती. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामातही सिम्प्युटर वापरून पाहिला गेला. पण किंमत दहा हजारांच्या आसपास, आणि त्याच सुमाराला मोबाइल झपाट्यानं स्वस्त होत होता. खप काही हजारांच्या पलीकडे गेला नाही. खुलं यंत्र मागे पडलं आणि बंद फोन पुढे गेला.

त्या बंद फोनवर आपल्याकडे जे पहिलं ठळक ‘आधीच बसलेलं’ आलं, ते शेतकऱ्यांसाठी होतं आणि ते महाराष्ट्रात आलं. नोकियानं ‘लाइफ टूल्स’ नावाची सेवा २००९ मध्ये भारतात सुरू केली, त्याआधी तिची चाचणी महाराष्ट्रात घेतली. साध्या बटणाच्या फोनमध्येच ती बसवून येई. बाजारभाव, हवामान, पिकांचा सल्ला, मुलांच्या अभ्यासाच्या गोष्टी. इंटरनेट नको, सगळं एसएमएसवर यायचं आणि चित्रांच्या खुणांनी पडद्यावर दिसायचं. बाजारभाव मिळवण्यासाठी त्यांनी पुण्याच्या राज्य कृषी पणन मंडळाशी हातमिळवणी केली होती. साधी योजना महिन्याला ३० रुपये. जवळच्या बाजार समितीतले आपण निवडलेल्या तीन पिकांचे भाव हवे असतील तर ६०. त्याआधी २००७ मध्ये रॉयटर्सची ‘मार्केट लाइट’ ही एसएमएस सेवाही महाराष्ट्रातूनच सुरू झाली होती, पण ती वेगळी घ्यावी लागे. नोकियाची फोनबरोबर येई.

हे उदाहरण मी मुद्दाम सांगतो. कारण या विषयावर बोलणारी बरीच मंडळी ‘आधी बसवलेलं म्हणजे कचरा’ असं सरसकट म्हणून मोकळी होतात. कांद्याचा भाव पाहायला फोन उघडणाऱ्या माणसाला तो कचरा नव्हता. पैसे कोण देतं हे त्याला माहीत होतं, कारण ते तोच देत होता. नको असेल तर महिन्याचे ३० रुपये भरायचे नाहीत, विषय संपला.

मग अँड्रॉइड आलं. नोव्हेंबर २००७ मध्ये गूगलनं फोन कंपन्या, चिप बनवणाऱ्या कंपन्या आणि मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या यांची आघाडी जाहीर केली आणि सांगितलं की ही प्रणाली खुली असेल. ती खुली होतीच, आजही आहे. मूळ संहिता कुणीही घ्यावी, बदलावी, आपल्या फोनवर चढवावी. पण खुली म्हणजे कुणासाठी खुली, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नाही. खुलेपणाचा पहिला लाभ फोन बनवणाऱ्याला मिळाला. प्रणाली आपल्याला हवी तशी करता येते, म्हणजे तिच्यात आपल्याला हवं ते घालताही येतं. अ‍ॅपलच्या फोनवर असं होत नाही, कारण तिथे अ‍ॅपल दुसऱ्या कुणाला आत येऊच देत नाही. म्हणजे गंमत अशी की ज्या फोनचं दार सगळ्यांना बंद, तो डब्यातून स्वच्छ निघतो; ज्याचं दार उघडं, त्यात तुमच्या आधी चारजण शिरलेले असतात.

आता थोडं यंत्राच्या आत डोकावू, कारण सगळा वाद शेवटी तिथे येऊन थांबतो. अँड्रॉइड फोनच्या साठवणुकीचे ढोबळमानानं दोन भाग असतात. एक प्रणालीचा, एक तुमचा. प्रणालीच्या भागात फक्त वाचता येतं, लिहिता किंवा पुसता येत नाही. हे सुरक्षेसाठी चांगलंच आहे. नाहीतर कुठलंही घुसखोर अ‍ॅप फोनचा पायाच उखडेल. पण फोन कंपनीनं कारखान्यात एखादं खरेदीचं अ‍ॅप या पहिल्या भागात ठेवलं, तर तेही पायाचा दगड होऊन बसतं. ते काढायला गेलं की ‘अनइन्स्टॉल’ हे बटणच दिसत नाही. २०११ च्या अँड्रॉइड ४.० मध्ये ‘डिसेबल’ ही सोय आली. अ‍ॅप झोपतं, पण जागा सोडत नाही. हेच अ‍ॅप कारखान्यात दुसऱ्या भागात ठेवलं, किंवा पहिल्यांदा इंटरनेट जोडल्यावर आपोआप उतरवलं, तर मात्र ते बाकीच्यांसारखं काढून टाकता येतं. म्हणजे काढता येणं न येणं हा तंत्रज्ञानाचा नाइलाज नसतो. कुठल्या खोलीत बसवायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

ज्यांनी ४ जीबीचे फोन वापरले त्यांना याची किंमत ठाऊक आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलनं अँड्रॉइड वन ही योजना जगात सगळ्यात आधी भारतात आणली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे तीन फोन, किंमत ६,३९९ रुपयांपासून, साठवण ४ जीबी. त्यातला वापरायला उरलेला भाग किती, हे सांगायला नको. माझ्या आईकडे त्याच काळातला दुसऱ्या एका कंपनीचा फोन होता. नातवाचा एक व्हिडिओ आला की ‘जागा नाही’ म्हणून सूचना, आणि तिनं एकदाही न उघडलेली अ‍ॅप्स आत ऐसपैस बसलेली. तिनं मला विचारलं होतं, ‘ही काढायला पैसे पडतात का रे?’ मला अजूनही तो प्रश्न फार शहाणपणाचा वाटतो.

कारण पैशाचाच प्रश्न आहे. जुलै २०१४ मध्ये शाओमी भारतात आली. एमआय ३ हा फोन १३,९९९ रुपयांना, तोही फक्त फ्लिपकार्टवर. तीन-साडेतीन वर्षांत ती कंपनी भारतात पहिल्या क्रमांकाला भिडली. एप्रिल २०१८ मध्ये तिचे प्रमुख लेई जुन यांनी जाहीर वचन दिलं की यंत्रावरचा निव्वळ नफा ५ टक्क्यांपेक्षा जास्त घेणार नाही. टाळ्या पडल्या, आणि पडायलाच हव्या होत्या. चांगले फोन खरोखर स्वस्त झाले. पण कंपनी धर्मादाय नव्हती. उरलेली कमाई इंटरनेट सेवांतून, जाहिरातींतून, फोनवरच्या जागेतून येणार होती, आणि हे तिनं लपवलंही नव्हतं. फोन हा मग भाड्यानं द्यायचा फलक झाला. विकत घेणारा आपण, भाडं घेणारा दुसरा.

‘त्यामुळेच तर फोन स्वस्त मिळतो’ हा युक्तिवाद मी बंगळुरूत अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, या धंद्यात काम करणाऱ्यांकडून तर हमखास. तो खोटा नाही. आपलं वर्तमानपत्रही जाहिरातींमुळेच त्या किमतीत दारात पडतं. पण वर्तमानपत्रात जाहिरात कुठली आणि बातमी कुठली हे दिसतं, निदान दिसायला हवं. २०११ मध्ये अ‍ॅमेझॉननं अमेरिकेत जाहिराती दाखवणारं किंडल काढलं तेव्हा त्याची किंमत ११४ डॉलर होती आणि बिनजाहिरातीच्या किंडलची १३९. फरक छापलेला होता. ज्याला शांतता हवी त्यानं २५ डॉलर जास्त मोजावेत. आपल्याकडे एकही कंपनी असा दोन किमतींचा फोन विकायला ठेवत नाही. किती सूट मिळाली हे कळत नाही, आणि कळत नाही म्हणून सूट मिळाली असं मानून घ्यायचं.

आणि कधी कधी हा भाडेकरू घराला आग लावतो. २०१४-१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच बसवलेलं होतं. बँकेच्या संकेतस्थळाशी आपलं जे कुलूपबंद बोलणं चालतं, त्याच्या मधोमध ते स्वतःची किल्ली लावून बसत होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झालं. ती किल्ली सगळ्या यंत्रांवर एकच होती, त्यामुळे ज्याच्या हाती ती लागेल त्याला कुठलंही बोलणं ऐकता आलं असतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या व्यापार आयोगाशी आणि ३२ राज्यांशी कंपनीला तडजोड करावी लागली, ३५ लाख डॉलर भरावे लागले. त्या लॅपटॉपवाल्यांनी सुपरफिश मागितलं नव्हतं. बहुतेकांनी ते नावही ऐकलं नव्हतं.

आता या गोष्टीतला माझ्या आवडीचा भाग. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सचा युनाइट ३ हा फोन आला. त्यात फर्स्टच नावाची, अँड्रॉइडवर बेतलेली प्रणाली होती, दहा भारतीय भाषांत चालणारी. ती बनवणारे राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि सुधीर बंगारमबंदी हे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. पुढे तिचं नाव इंडस ओएस झालं. त्यांचं स्वतःचं अ‍ॅपचं दुकान होतं, आणि त्यात शिरायला ईमेल खातं लागत नव्हतं. ज्याच्या घरात कुणाचंच ईमेल नाही, ज्याला आपल्या भाषेत शोधायचं आहे, त्याच्यासाठी हे फार होतं. आठवत असेल, त्याच्या थोडंच आधी बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मराठी मजकूर म्हणजे नुसते चौकोन दिसायचे. देवनागरीची नीट सोय अँड्रॉइड ४.० पासून आली. २०१९ मध्ये सॅमसंगनंही भारतातल्या आपल्या गॅलेक्सी स्टोअरसाठी इंडसशी करार केला, बारा भारतीय भाषांत.

या मुलांचं दुकान लोकांपर्यंत पोचलं कसं? फोनमध्ये आधीच बसवून. दुसरा रस्ताच नव्हता. गूगलच्या प्ले स्टोअरमध्ये दुसरं अ‍ॅपचं दुकान ठेवता येत नाही. संकेतस्थळावरून उतरवायला सांगावं तर फोन इशाऱ्यामागून इशारे देतो, आणि साधा माणूस घाबरून मागे फिरतो. म्हणजे नव्या माणसाला बाजारात यायचं तर फोन कंपनीचं दार ठोठावणं हाच मार्ग. ‘आधी बसवलेली अ‍ॅप्स बंद करा’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. उद्या ती सरसकट बंद केली, तर गूगलचं तेवढं राहील आणि देशमुख-डोंगरे बाहेर राहतील.

गूगलचं कसं राहतं, तेही सांगतो. अँड्रॉइड खुलं आहे, पण प्ले स्टोअर खुलं नाही. त्याच्यासाठी फोन कंपनीला गूगलशी करार करावा लागे, आणि त्या करारात प्ले स्टोअरबरोबर शोध, क्रोम, यूट्यूब, मॅप्स, जीमेल असा सगळा गुच्छच घ्यावा लागे, ठरलेल्या जागी मांडावा लागे. भारतात प्ले स्टोअर नसलेला फोन विकणं म्हणजे चाक नसलेली सायकल विकणं. युरोपीय आयोगानं जुलै २०१८ मध्ये याच मुद्द्यांवर गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला. त्याच वर्षी आपल्याकडे स्पर्धा आयोगापुढे ३९ क्रमांकाचं प्रकरण उभं राहिलं. तक्रार कुठल्या बड्या कंपनीनं केली नव्हती. तिघा तरुणांनी केली होती. त्यांतले दोघं आयोगातच संशोधनाचं काम करत होते आणि एक कायद्याचा विद्यार्थी होता. फोन बनवणारी एकही कंपनी स्वतः तक्रार घेऊन पुढे आली नाही, हे मला फार बोलकं वाटतं. ज्याच्या ताटात जेवायचं त्याच्याविरुद्ध कोण बोलणार?

एप्रिल २०१९ मध्ये आयोगानं सविस्तर चौकशीचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२२ ला निकाल. दंड १,३३७.७६ कोटी रुपये. त्याहून महत्त्वाच्या होत्या सूचना. फोन कंपनीला गूगलची अ‍ॅप्स गुच्छानं घ्यायला लावू नका; कुठलं घ्यायचं, कुठे मांडायचं हे तिला ठरवू द्या; आणि फोन वापरणाऱ्याला गूगलची आधी बसवलेली अ‍ॅप्स काढून टाकू द्या. गूगल अपिलात गेलं. सर्वोच्च न्यायालयानं १९ जानेवारी २०२३ ला स्थगिती नाकारली, आणि पुढच्याच आठवड्यात गूगलनं जाहीर केलं की भारतात फोन कंपन्या त्यांची अ‍ॅप्स सुटी सुटी घेऊ शकतील.

मग २९ मार्च २०२३ ला अपिलीय न्यायाधिकरणाचा निकाल आला. दंड कायम. पण चार सूचना रद्द. त्यांतली एक होती, प्ले स्टोअरमध्ये दुसऱ्या अ‍ॅप दुकानांना जागा देण्याची. आणि दुसरी, वापरणाऱ्याला आधी बसवलेली अ‍ॅप्स काढून टाकू देण्याची. वर्तमानपत्रांत दंडाच्या आकड्याचे मथळे झाले. माझ्या मते त्या दिवशीची खरी बातमी रद्द झालेल्या सूचनांत होती. फोन बनवणाऱ्याला निवडीचं स्वातंत्र्य मिळालं, फोन विकत घेणाऱ्याला मिळालं नाही. खुलेपणा पुन्हा कारखान्याच्या फाटकापाशीच थांबला.

या निकालाचा परिणाम बंगळुरूत लगेच दिसला. फोनपेनं त्याआधीच इंडस ओएस विकत घेतली होती. २१ फेब्रुवारी २०२४ ला, मातृभाषा दिनाच्या मुहूर्तावर, त्यांनी इंडस अ‍ॅपस्टोअर सुरू केलं. इंग्रजी धरून तेरा भाषा, दोन लाखांहून अधिक अ‍ॅप्स, मराठी अर्थातच आहे. प्ले स्टोअरमध्ये जागा नाही, म्हणून पुन्हा जुनाच रस्ता. २०२५ च्या सुरुवातीपासून शाओमीनं भारतातल्या फोनवर आपल्या गेटअ‍ॅप्स या दुकानाच्या जागी इंडस आणायला घेतलं. मला याचा आनंद आहे आणि धास्तीही. आयआयटीतून निघालेलं छोटं रोप आता एका मोठ्या पैसे पाठवणाऱ्या कंपनीच्या अंगणात आहे. ते फोनमध्ये आधी बसून येतं याला माझी हरकत नाही. ते माझ्या आईला काढता येतं का, एवढंच मी पाहणार.

ग्लान्सबद्दल मात्र माझं मत इतकं दुभंगलेलं नाही. इनमोबी ही कंपनी २००७ मध्ये मुंबईत ‘एमखोज’ या नावानं सुरू झाली, नंतर बंगळुरूला आली. तिचं ग्लान्स हे शाओमी, सॅमसंग यांच्यासारख्या कंपन्यांच्या फोनमध्ये लॉक स्क्रीनवरच बसतं. अ‍ॅप निदान उघडावं लागतं. इथे फोन हातात घेतला की समोर. डिसेंबर २०२० मध्ये ग्लान्समध्ये ज्यांनी १४.५ कोटी डॉलर गुंतवले त्यांत गूगलही होतं, आणि त्याच वेळी गूगलच्या गुच्छाची आपल्या स्पर्धा आयोगात चौकशी चालू होती. कुलूप लावलेल्या दारावर दुसऱ्याचं पोस्टर लावायचं, ही कल्पना मला पटलेली नाही, मग ते पोस्टर कितीही सुंदर असो.

आता सरकारकडे येऊ, कारण फोनमध्ये काय असावं हे सांगणारं तेही एक आहे. २०१६ च्या अधिसूचनेनं मोबाइल फोनवर सगळ्या अधिकृत भारतीय भाषा वाचता येणं, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत टाइप करता येणं बंधनकारक केलं. तीही एक प्रकारे आधी बसवण्याचीच सक्ती. तिच्याविरुद्ध कुणी हाकाटी केली नाही. लिपी कुणाकडे चहाडी करत नाही, पडद्यावरची जागा मागत नाही. अ‍ॅप या दोन्ही गोष्टी करू शकतं.

३ ऑगस्ट २०१८ ला मात्र हाकाटी झाली. लाखो लोकांना आपल्या फोनच्या नावांच्या यादीत आधारची मदत-क्रमांकाची नोंद दिसली, आपण न केलेली. तो क्रमांक जुना होता, म्हणजे फोन लावून उपयोगही नव्हता. प्राधिकरणानं सांगितलं, आम्ही कुणाला हे करायला सांगितलेलं नाही. मग गूगलनं कबूल केलं की २०१४ मध्ये भारतातल्या फोन कंपन्यांना दिलेल्या अँड्रॉइडच्या प्रतीत तो क्रमांक आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक चुकून घातला गेला होता, आणि नंतर लोकांनी फोन बदलले तशी ती नोंद त्यांच्याबरोबर नव्या फोनवर गेली. चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. एका फोन नंबरची ही गत. बाकी आत काय आहे याची आपल्यापैकी कितीजणांना कल्पना असते?

२९ जून २०२० ला सरकारनं ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यांतली काही लोकांच्या फोनमध्ये कारखान्यातूनच आलेली होती. बंदी घातलेली वस्तू घरात, आणि घरमालकाला ती बाहेर काढता येत नाही. शेवटी शाओमीला त्याशिवायची नवी प्रणाली तयार करत असल्याचं ऑगस्टमध्ये जाहीर करावं लागलं. प्रणालीच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, याचा याहून सरळ पुरावा नको.

आणि आता अगदी अलीकडचं. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागानं फोन कंपन्यांना आदेश दिला की ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप ९० दिवसांत सगळ्या नव्या फोनवर आधीच बसवा, दुकानांत पोचलेल्या फोनवर अपडेटमधून पाठवा, आणि त्याचं काम बंद पाडता किंवा अडवता येणार नाही असं ठेवा. अ‍ॅप वाईट नाही. चोरीचा फोन बंद करणं, आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते पाहणं, फसवे फोन कळवणं, या कामाच्या गोष्टी आहेत. मी स्वतः त्याचं संकेतस्थळ वापरलं आहे आणि दुसऱ्यांनाही सांगतो. १ डिसेंबरला आदेशाची बातमी फुटली. २ तारखेला मंत्री ज्योतिरादित्य शिंदे म्हणाले, नको असेल त्यानं काढून टाकावं. आदेशाचे शब्द आणि मंत्र्यांचे शब्द जुळत नव्हते, आणि ज्यांनी आदेश वाचला होता त्यांनी तेच विचारलं. ३ तारखेला सक्ती मागे घेतल्याचं पत्रक निघालं; त्यात कारण असं दिलं की १.४ कोटी लोकांनी अ‍ॅप आपणहून घेतलं आहे आणि मागणी वाढतेच आहे.

म्हणजे सुमारे पाच दिवसांचा हा खेळ. खासगी कंपन्या दहा वर्षं जे करत आल्या, तेच सरकारनं करायला घेतलं तेव्हा देशभर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. त्या चर्चेत भाग घेणाऱ्या किती जणांच्या फोनवर, त्याच क्षणी, न काढता येणारं एखादं पत्त्यांच्या खेळाचं अ‍ॅप बसलं होतं, ते मात्र कुणी मोजलं नाही. संचार साथी आज प्ले स्टोअरवर आहे, अ‍ॅपलच्या दुकानातही आहे. हवं त्यानं घ्यावं.